सगळे साइज होतात

एन्लार्जर विकणाऱ्याने मला एकच वाक्य सांगितलं होतं, "ह्यात सगळे साइज होतात." मराठीत ‘होणे’ या क्रियापदाइतकं बेजबाबदार क्रियापद दुसरं नसेल. एका बंबात दहा जणांच्या आंघोळी होतात, अर्ध्या किलो बांगड्यांत आल्यागेल्याचं होतं, मुलगी बघून परतणारी मंडळी गाडीत बसता बसता ‘होईल’ म्हणतात. कसं होतं, किती दिवसांत होतं आणि कोणाच्या जिवावर होतं, याच्याशी त्या क्रियापदाला कर्तव्य नसतं. मीही त्याच भरवशावर पैसे मोजले आणि ते धूड छोट्या टेम्पोत घालून मालवण-आचरा रस्त्यावरच्या आमच्या घरी आणलं.

तालुक्याच्या गावातला एक फोटो स्टुडिओ बंद होत होता. बंद म्हणजे, तिथे आता झेरॉक्स आणि फ्लेक्स निघणार होते. एन्लार्जर जिन्याखाली, गणपतीच्या मखराच्या थर्माकोलमागे उभा होता. ज्यांनी तो कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: खाली जाड फळी, फळीवर उभा खांब, खांबावर खालीवर सरकणारं डोकं. डोक्यात दुधी काचेचा बल्ब, त्याखाली दोन जाडजूड भिंगं, त्यांच्याखाली निगेटिव्ह धरणारी चौकट, मग भाता आणि भात्याच्या टोकाला लेन्स. सिनेमाचा प्रोजेक्टर काहीतरी चुकल्यासारखा मान खाली घालून उभा राहिला तर असाच दिसेल. फळीवर फोटोचा कोरा कागद ठेवायचा, वरून निगेटिव्हचा उजेड त्यावर पाडायचा, कागद धुवायचा. एवढंच. ‘एवढंच’ हा शब्दही ‘होणे’च्याच कुळातला.

यंत्र कुठल्या कंपनीचं, ते कळायला मार्ग नव्हता. खाऱ्या हवेने पाटी खाऊन टाकली होती आणि तिच्या जागी स्क्रूची चार भोकं तेवढी उरली होती. काकीने ओटीवरून सगळी उतरवाउतरवी पाहिली.

"ह्यां काय हाडलंस? नारळ सोलूचा मशीन?"

मी म्हटलं, फोटो मोठे करायचं यंत्र आहे.

"मोबायलार दोन बोटांनी होतत ते मोठे. आणि परत ल्हान पण होतत."

काकीने ऐंशी ओलांडली आहे आणि तिचा फोन माझ्या फोनपेक्षा नवा आहे. या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी यंत्र आत नेलं. मागून आवाज आला, "नारळ सोलणारा असता तर बरां झाला असता."

हे सगळं ज्याच्यामुळे सुरू झालं तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा माळ्यावर सापडला होता. आत तीन थर होते, जमिनीत असतात तसे. सगळ्यात वर माझ्याच ३५ एमएमच्या पट्ट्या, यशिका एमएफ-२ ने काढलेल्या. एक चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढी, आणि एका रोलमध्ये अशा ३६. मधल्या थरात काकांच्या चौकोनी निगेटिव्ह, ६ बाय ६ सेंटिमीटरच्या. काकांकडे भारतातच तयार होणारा आग्फा क्लिक थ्री होता. त्यात एकशेवीसचा रोल बसे आणि त्यावर १२ फोटो येत. तळाशी, बटरपेपरच्या पाकिटांत, ६ बाय ९ सेंटिमीटरचे फिल्मचे तुकडे. हे आजोबांच्या मावसभावाचे. ते मुंबईहून मे महिन्यात आगबोटीने यायचे आणि येताना घडीचा कॅमेरा आणायचे. रोल तोच, एकशेवीसचा, पण चौकट मोठी म्हणून फोटो फक्त ८. कोडॅकने हा रोल १९०१ मध्ये काढला आणि तो अजूनही मिळतो. कोकणात यापेक्षा टिकाऊ म्हणाल तर चिऱ्याची भिंत.

डबा पालथा घालून मी दोन दुपारी खिडकीच्या काचेवर निगेटिव्ह धरून बसलो. एक गोष्ट लक्षात आली. रोलवर फोटो जितके कमी, तितकी माणसं ताठ. आठ फोटोंच्या काळात आमचं सगळं घराणं कलेक्टरसमोर जबानी द्यायला उभं केल्यासारखं दिसतं. हात शिवणीला, श्वास रोखलेला, खळ्यातला कुत्राही सरळ समोर बघतो आहे. बारा फोटोंच्या काळात कोणीतरी हसायला लागतं. काकांच्या लग्नात एक करवली चक्क पाठमोरी आहे आणि तरीही तो फोटो जपून ठेवला आहे. छत्तीसवर आलो तेव्हा तर कहरच. एकाच कुर्लीचे मी पाच फोटो काढले आहेत. तारकर्लीच्या वाळूत एक चप्पल. काकांची पाठ. मिटलेले डोळे, तुटलेली डोकी, कुणाचा तरी अर्धा भाऊ. चौकट लहान झाली, फोटो स्वस्त झाला आणि माणसं सैल झाली. आता मोबाइलमध्ये मोजदादच नाही आणि तिथे लोक ओठांचा चंबू करून उभे राहतात. हा सैलपणाच्या पलीकडचा प्रकार आहे, त्याला मी नाव ठेवत नाही.

निगेटिव्ह पूर्वी मोठी असे, कारण ती मोठी करायची सोय नसे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी होते. मूळ गाव मांद्रे, म्हणजे आमच्या तेरेखोलच्या खाडीच्या पलीकडचं. नारायण दाजींनी काढलेली छायाचित्रं त्या काळच्या संग्रहात छापली गेली आहेत. पण फोटो केवढा, तर निगेटिव्ह केवढी तेवढा. कागद तिला छातीशी लावायचा आणि उन्हात धरायचा. मोठा फोटो हवा असेल तर मोठा कॅमेरा आणि तो उचलायला माणूस. १८५७ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या डेव्हिड वुडवर्ड नावाच्या चित्रकाराने सूर्याच्या उजेडावर चालणाऱ्या एन्लार्जरचं पेटंट घेतलं. सूर्य सरकला की यंत्रही त्याच्यामागे फिरवत राहायचं. आमच्याकडे लाइटचे जे लाड असतात ते पाहता हे यंत्र मालवणात चांगलं चाललं असतं. पावसाळ्यात चार महिने बंद, पण तसं इथे बरंच काही बंद असतं. पुढे १९२५ मध्ये लायका आला. त्याने सिनेमाची फिल्म आडवी घालून तिकिटाएवढी निगेटिव्ह काढली, आणि मग एन्लार्जरशिवाय गत्यंतर राहिलं नाही.

जागा म्हणून मला बाळंतिणीची खोली मिळाली. जुन्या घरात ही खोली मुद्दाम काळोखी ठेवलेली असे. माझे वडील, काका आणि तीन आत्या याच अंधारात जन्मल्या. अलीकडे तिथे भाताची पोती आणि मोडका पाळणा होता. खिडकी एकच, हातभर. ती बंद करायला काकीने नाखुशीने एक जड वाकळ दिली. मी ती चार खिळ्यांवर ताणून बसवली. दुपारी आत उभा राहिलो तर स्वतःचा हात दिसेना. लाल बल्ब लावला की मात्र सगळं दिसे, कारण काळ्या-पांढऱ्या फोटोच्या कागदाला लाल रंग दिसत नाही. या त्याच्या आंधळेपणावर सगळ्या डार्करूम चालत आल्या आहेत.

एन्लार्जर बसवायचा म्हणजे आधी पातळी बघायची. मी गावातल्या गवंड्याला बोलावलं. त्याने ओळंबा सोडला. मग पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकं भिंतींना लावली, आणि तो बराच वेळ काही बोलेना.

"काय झालं?"

"घरच कलंडलेलां आसा."

खोलीची जमीन समुद्राच्या बाजूला दीड इंच उतरली होती. टेबल तिच्यावर उभं, पण तेही स्वतःच्या मर्जीने दुसरीकडेच झुकलेलं. गवंडी कोबा करायचा अंदाज सांगू लागला तेव्हा मी त्याला थांबवलं. एन्लार्जरला पृथ्वीशी घेणंदेणं नसतं. निगेटिव्ह, लेन्स आणि कागद या तीन पातळ्या एकमेकींना समांतर असल्या की बास. तिन्ही मिळून कुठेही झुकोत. त्याने हे दोनदा ऐकून घेतलं, पाणी नळीतून ओतून टाकलं आणि म्हणाला, "मगे घर तसांच ऱ्हवांदे." घराविषयी इतका समंजस सल्ला मला कोणत्याही कंत्राटदाराने दिलेला नाही.

समांतर आहे की नाही ते पाहायची युक्ती जुनी आहे. काळी पडलेली वाया गेलेली फिल्म घ्यायची, टाचणीने तिच्यावर आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या, ती चौकटीत घालून खाली प्रकाश पाडायचा आणि फूटपट्टीने चौकोनाच्या बाजू मोजायच्या. माझी डावी बाजू उजवीपेक्षा चार मिलिमीटर लांब भरली. निगेटिव्हच्या चौकटीखाली काडेपेटीच्या पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. आता उजवी लांब. पुठ्ठा अर्धा कापला. रात्री साडेअकराला चारही कोपरे एकदम टोकदार दिसले आणि त्याच क्षणी लाइट गेली.

३५ एमएमचं काम सोपं होतं. यंत्राबरोबर आलेली एकुलती लेन्स ५० मिलिमीटरची, तिच्या जोडीची ३५ एमएमची चौकटही होती. ‘सगळे साइज’ मधला हा एक झाला. खांब तेवढा गंजून जाम झाला होता. मी बाजारात शिलाई मशीनचं तेल आणायला गेलो तेवढ्यात काकीने त्याला खोबरेल चोपडलं. आमच्याकडे डोकं, कातडी, बिजागरी आणि देवाची समई यांना एकच औषध आहे. डोकं लोण्यासारखं सरकू लागलं हे खरं, पण चार दिवसांत खांबावर धूळ, कापूस आणि एक मुंगळा असा थर बसला. तो पुसण्यात एक रविवार गेला.

मग काकांचं लग्न घेतलं, म्हणजे ६ बाय ६. सगळ्यांनाच पडतो तो मोह मलाही पडला: आहे तीच ५० ची लेन्स वापरून बघू. फोटो उतरला, पण चारही कोपरे कोरे पांढरे. आगबोटीच्या गोल खिडकीतून लग्न पाहावं तसं. लेन्सची मर्यादा असते. ५० ची लेन्स २४ बाय ३६ एवढंच आवार झाडते, त्याच्या बाहेर तिचा झाडू पोचत नाही. चौकोनी निगेटिव्हला ७५ किंवा ८० ची लागते आणि ६ बाय ९ ला १०५ ची. साधारण निगेटिव्हच्या कर्णाएवढी लेन्स, हा हिशेब. ओळखीच्याने मुंबईच्या जुन्या बाजारातून ८० ची पाठवली. उजेडात धरली तर आत बुरशीची रांगोळी. समुद्रकाठच्या कपाटात बंद राहिलेल्या काचेला हे होतंच. मी कर्कटकाची दोन टोकं घासून पाना केला, कडं फिरवलं, काचा स्पिरिटने पुसल्या. बुरशी गेली, पण तिने काचेवर जे कोरलं होतं ते राहिलं. त्यामुळे काकांच्या वरातीवर अजूनही मिरगातलं मळभ आहे. काकी म्हणते, तेव्हा तसंच होतं, लग्न जेठातलं. लेन्सचा दोष असा पंचांगाच्या नावावर जमा झाला.

लेन्स आली म्हणजे झालं, असं मला वाटलं होतं. पण आता फळीवरचा उजेड मध्यभागी लख्ख आणि कडेला अंधूक. हा कंडेन्सरचा कारभार. ती दोन जाड भिंगं, फुगीर पोटं एकमेकांसमोर करून बसलेली, बल्बचा उजेड गोळा करून नेमका लेन्सच्या तोंडात देतात. निगेटिव्ह बदलली, लेन्स बदलली की घासही नव्याने भरवावा लागतो. माझ्या यंत्रात बल्बची नळी वरखाली करायला एक स्क्रू आहे. निगेटिव्ह काढून ठेवायची, नुसता पांढरा उजेड कागदावर पाडून करडा फोटो काढायचा, तो सगळीकडे सारखा करडा येईपर्यंत नळी हलवायची. पहिला करडा कागद मी वाळत घातला तर त्यात पांढरट कडा आणि मध्ये काळाभोर गोल.

"खग्रास बरो इलो," काकी म्हणाली.

आठव्या कागदावर ग्रहण सुटलं. कागद आता महाग आहे. पूर्वी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद जिल्ह्याच्या गावी मिळे. आता तो कारखानाच नाही, म्हणून आठ कागद ग्रहणात गेले हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

वेळ मोजायला माझ्याकडे टायमर नव्हता. मी नारळ मोजायचो. एक नारळ, दोन नारळ, तीन नारळ, असं पाडेल्याच्या चालीवर म्हटलं की एका नारळाला बरोबर एक सेकंद लागतो. पण संध्याकाळी सातला बारा नारळांत जो फोटो होई तो नऊ वाजता अठरा नारळांतही फिका राही. कारण गावभर टीव्ही, पंखे आणि पंप चालू झाले की दाब पडतो आणि एन्लार्जरचा बल्ब पिवळा होतो. बल्ब पिवळा म्हणजे कागदाला उपाशी ठेवणं, तो निळ्या उजेडावर जगतो. शेवटी मी रात्री बारानंतर काम करू लागलो. आठवड्याने शेजारचे रापणवाले चौकशीला आले. "रातीचो तुमच्या मागच्या खोलयेत तांबडो उजेड कसलो? आणि नारळ कोण मोजता?" आमच्या भागात देवचार रात्री हद्दीत फिरतो हे सगळ्यांना माहीत आहे. तो नारळ मोजतो असं मात्र कुणी ऐकलं नव्हतं.

त्यांच्याशीच मग माझी गट्टी जमली. डेव्हलपर पुस्तकात २० अंशांवर वापरायला सांगतात. मे महिन्यात मालवणात वीस अंश फक्त बर्फात असतं, आणि बर्फ माशांच्या पेट्यांत. मी जेटीवरून घमेलंभर बर्फ आणायचो, त्यात डेव्हलपरचा ट्रे ठेवायचो. कागदावर आजोबांच्या टोपीची कड हळूहळू उमटत असे आणि खोलीभर बांगड्याचा वास. फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा वास आणि बांगड्याचा वास एकत्र आला की जे होतं त्याला मालवणीत शब्द आहे, पण तो इथे छापण्याजोगा नाही.

पाण्याचा प्रश्न निराळा. फोटोतला हायपो धुवून काढायला भरपूर पाणी लागतं आणि मेमध्ये आमची विहीर मचूळ होऊन तळाला जाते. तेव्हा वाचलेली एक गोष्ट आठवली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी आरमाराच्या फोटोवाल्यांना जहाजावर गोडं पाणी पुरेना, म्हणून त्यांनी समुद्राच्या पाण्यात धुलाई केली, आणि हायपो गोड्या पाण्यापेक्षा लवकर निघतो असं आढळलं. शेवटी गोड्या पाण्यातून मात्र काढायचं, नाहीतर मीठ राहतं. सिंधुदुर्गाचा किल्ला समोर दिसतो आहे, त्याच्याभोवती आरमाराला पुरेल एवढं पाणी आहे, आणि मी विहिरीचा तळ खरवडतो आहे! दुसऱ्या दिवशी बादली आणि फोटो घेऊन किनाऱ्यावर गेलो. काकांची वरात बादलीत तरंगताना पाहून रापणीचं जाळं सावडणारे चारपाच जण जमले. त्यातला एक म्हणाला, "माशांका फोटो दाखवतंस काय?"

राहिला सगळ्यात मोठा साइज, ६ बाय ९. यासाठी ना चौकट होती ना लेन्स. लेन्स अनपेक्षित ठिकाणी सापडली. मावसआजोबांचा घडीचा कॅमेरा माळ्यावर होताच. भाता वाळवीने खाल्लेला, पण लेन्सच्या कड्यावर स्वच्छ लिहिलेलं: १०५. शटर ‘टी’वर ठेवून एकदा दाबलं की उघडं राहतं. कॅमेऱ्यात जी बाजू फिल्मकडे होती तीच इथे निगेटिव्हकडे करून मी ती लाकडी फळीत बसवली, छिद्र अकरावर आणलं. ज्या काचेतून आजोबा एका दुपारी आत गेले होते त्याच काचेतून त्यांना आता बाहेर यायचं होतं. त्यांना वाट माहीत होती.

चौकटीसाठी सावंतवाडीला चितारआळीत गेलो. लाकडी फळं आणि भातुकली करणाऱ्या एका कारागिराला निगेटिव्ह दाखवली. ५६ बाय ८४ मिलिमीटरची खिडकी, दोन फळ्या, मध्ये बिजागरी. त्याने विचारलं, ह्यात ठेवायचं काय? मी म्हटलं, आजोबा. त्याने पुन्हा विचारलं नाही. माझी मापं मात्र त्याला पसंत नव्हती. लाकूड पावसात फुगतं, खिडकी आवळते, म्हणून त्याने सगळ्या बाजूंनी मिलिमीटरभर जास्त ठेवलं. स्टुडिओतल्या चौकटी बरोबर उलट असतात. निगेटिव्हच्या कडा झाकायला त्या किंचित लहानच केलेल्या असतात.

एवढी मोठी फिल्म बल्बच्या उष्णतेने मध्येच पापडासारखी फुगते आणि फोकस जातो, म्हणून ती दोन काचांत दाबावी लागते. आणि दमट हवेत काचेला फिल्म चिकटली की न्यूटनची कडी दिसतात. आजोबांच्या कपाळावर भरती-ओहोटीच्या रेषा उमटल्या. त्यांना अशा काळज्या कधीच नव्हत्या. फोटो फ्रेम करणाऱ्याकडून चमक न मारणारी खरखरीत काच आणून तिची खरखरीत बाजू फिल्मच्या गुळगुळीत पाठीला लावली तेव्हा कपाळ मोकळं झालं.

मला फोटो सोळा बाय वीस इंच हवा होता, ओटीवर लावायला. पण लेन्स जेवढी लांब तेवढं डोकं उंच न्यावं लागतं. हिशेबाने निगेटिव्ह ते कागद जवळजवळ मीटरभर, वर दिव्याची पेटी, खाली टेबल. डोकं वर सरकवत गेलो आणि ते ठाणकन वाशाला आपटलं. कौलांतून दोन पाली आणि पन्नास वर्षांची माती खाली आली. उपाय एकच, डोकं खांबाभोवती उलट फिरवून टेबलाबाहेर काढायचं आणि फोटो जमिनीवर पाडायचा. मग यंत्र तोंडावर पडू नये म्हणून फळीवर मागे वजन हवं. काकीचा पाटा आणला. त्या दिवशी वाटप मिक्सरवर झालं आणि तिसऱ्या दिवसापर्यंत ‘चव नाय’ हे ऐकत होतो.

आणि जमीन? ती समुद्राकडे दीड इंच उतरलेली होतीच. सगळं जग झुकू दे म्हणणारा मी, आता त्या झुकलेल्या जमिनीवर कागदाच्या पाटाखाली रुपयांची नाणी सरकवत ओणवा बसलो होतो. गवंडी तेव्हा गावात नव्हता हे बरं.

ट्रे एवढा मोठा मिळेना, तेव्हा लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत प्लास्टिकचा कागद अंथरला. रात्री दीड वाजता, बेचाळीस नारळ मोजून, कागद डेव्हलपरमध्ये घातला. आधी कोटाचं बटण आलं. मग टोपी, मग कान. मग मागचा पडदा. अल्बममध्ये हा फोटो आहे, निगेटिव्हएवढाच, चारही बाजूंना पांढरी कड असलेला. त्यात आजोबा एका चौकडीच्या पडद्यासमोर उभे आहेत आणि आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलो की हा मालवणच्या स्टुडिओतला फोटो. चितारआळीतल्या त्या जादा मिलिमीटरात आता पडद्याची वरची कड दिसत होती. तिच्यावर डाव्या टोकाला चार बोटं आणि उजव्या टोकाला चार बोटं. स्टुडिओ बिडिओ काही नव्हता. आमच्याच खळ्यात दोन माणसांनी एक लुगडं ताणून धरलं होतं आणि आजोबा त्याच्यासमोर कलेक्टरला जबानी देत होते. उजवीकडची एक करंगळी जरा वर उचललेली आहे. हात भरून आला असणार.

सकाळी फोटो पाटावर वाळत ठेवला आणि काकीला बोलावलं. तिने पदराने चष्मा पुसला. सासऱ्यांकडे तिने पाहिलंच नाही. बोटांवरूनही नजर गेली आणि पुढे सरकली. ती वाकून काठ बघत होती.

"ह्यां सासूबायचां लुगडां."

"कशावरून?"

"काठ बघ मरे. लगीन होवन इलंय त्या पावसात आम्ही दोघींनी ह्येची वाकळ शिवली."

"कुठली वाकळ?"

तिने हनुवटीने बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीकडे दाखवलं. होळीपासून चार खिळ्यांवर ताणलेली. वरचं कापड नंतरचं, फुलाफुलांचं. त्याखाली दुसरं, त्याखाली तिसरं, आणि ते लुगडं कुठल्या थरात असेल ते तिलाही सांगता येईना. बोटं कोणाची, हे विचारलं तर म्हणाली, बोटां काय ओळखतत? मी टेबलावरचं ब्लेड उचललं आणि खिडकीशी गेलो. एका कोपऱ्याचा टाका आधीच सैल होता.

"उसवू नको हां मेल्या," काकी स्वयंपाकघरातून म्हणाली. "उसवलंस तर उजेड येतलो."